मान कुणाचा, मार कुणाला

मेरिया विकत घेतलेलाच असावा लागे. ओडिशाच्या डोंगराळ मुलखात, घुमसर आणि बौध या भागांतले कंध आदिवासी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत भूमिदेवतेला नरबळी देत. त्या बळीला मेरिया म्हणत, आणि त्याच्याबाबतचा नियम असा होता की किंमत मोजल्याशिवाय हाती आलेला माणूस देवीला चालत नसे. अपवाद होता तो मुख्यतः मेरियाच्याच पोटी जन्मलेल्या मुलाचा. किंमत गुरे, भांडी, धान्य अशा वस्तूंत चुकवली जाई आणि सौदा जमवून आणणारे लोक पाण किंवा डोम जातीचे, म्हणजे कंधांच्या लेखी खालचे, असत. आणलेला माणूस पुष्कळदा वर्षानुवर्षे गावात राही. त्याला प्रेमाने वागवले जाई, त्याचे लग्न लावून दिले जाई, कसायला जमीनही मिळे. मात्र त्याची मुलेही मेरियाच ठरत. बळीच्या वेळी त्याला उद्देशून जे बोलले जाई त्याचा आशय असा नोंदलेला आहे: आम्ही तुला किंमत देऊन घेतले, जबरदस्तीने ओढून आणले नाही, आता रीतीप्रमाणे तुझा बळी देतो, आम्हांला दोष नाही. मग मांसाचे वाटे पडत. ज्या गावांनी विधीत भाग घेतला त्यांची माणसे आपापला वाटा घेऊन तातडीने परत जात, गावात त्याचे पुन्हा वाटे होत आणि घराघरातला कर्ता पुरुष आपल्या हिश्श्याचा तुकडा आपल्या शेतात पुरत असे.

या हकिगती लिहिणारे बहुतेक सगळे कंपनी सरकारचे अधिकारी होते आणि त्यांना आपली मोहीम न्याय्य ठरवायची होती, त्यामुळे त्यांनी दिलेले बळींचे आकडे मी जपूनच घेतो. विधीचा आराखडा मात्र निरनिराळ्या अधिकाऱ्यांच्या लेखनात सारखाच येतो. तो वाचताना कुणाचीही नजर आधी सुरीकडे जाते. माझे म्हणणे असे की ती वाट्यांकडे जायला हवी. तुकडा कुणाला मिळाला, कुणी आणून दिला आणि कुणाचा पाडला गेला, या तीन प्रश्नांच्या उत्तरांत त्या समाजाची सगळी उतरंड येते: जमीन धरणारा कंध कुटुंबप्रमुख वाटेकरी, पाण आणि डोम पुरवठादार, आणि ज्याला कुळ नाही, ज्याच्यासाठी सूड घ्यायला कुणी येणार नाही, तो बळी. ज्याच्या शेतात तुकडा पुरला गेला त्याचे त्या शेतावरचे धनीपण साऱ्या पंचक्रोशीसमोर मान्य झाले, असेही त्या वाटपातून सूचित होत असावे, असे मला वाटते. अर्थात हा माझा तर्क आहे.

परंपरेने चालत आलेल्या हिंसेविषयी बोलताना आपल्याकडे दोन ठरलेल्या भूमिका असतात. एक पक्ष म्हणतो, हा रानटीपणा आहे, अज्ञान आहे, शिक्षणाचा प्रसार झाला की जाईल. दुसरा पक्ष म्हणतो, बाहेरून तुम्हांला क्रौर्य दिसते, पण त्यानेच समाज एकत्र बांधला जातो. पहिल्या पक्षाला हिंसा ही सुव्यवस्थेतली उणीव वाटते, दुसऱ्याला ती व्यवस्थेचा सिमेंटगारा वाटते. दोघांचेही एका गोष्टीकडे दुर्लक्ष होते, ती म्हणजे वाटणी. मराठीत 'मान' हा शब्द विधीच्या संदर्भात फार नेमका वापरला जातो. पहिला घाव कुणी घालायचा, पुढे कुणी उभे राहायचे, प्रसाद आधी कुणाला, हे सगळे मान असतात आणि ते ठरलेल्या घराण्यांकडे असतात. विधीतली हिंसा मान आणि मार यांची अशी वाटणी लोकांसमोर, देवाच्या साक्षीने आणि ठरावीक काळाने पुन्हा पुन्हा करते. म्हणून ती व्यवस्थेबाहेरची गोष्ट नसते, आणि म्हणूनच नुसती कृती बंद करून ती संपत नाही. या लेखात मला एवढेच मांडायचे आहे.

या म्हणण्याला काही मोजमापाचा आधार आहे. २०१६ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात एक अभ्यास प्रसिद्ध झाला. पश्चिमेला मादागास्करपासून पूर्वेला ईस्टर बेटापर्यंत पसरलेल्या ऑस्ट्रोनेशियन भाषकांच्या ९३ पारंपरिक समाजांची माहिती त्यात तपासली होती. या ९३ पैकी ४० समाजांत नरबळीची प्रथा आढळली. ज्या २० समाजांत जन्मजात उच्चनीचता जवळपास नव्हती त्यांपैकी ५ समाजांत ती होती; मध्यम उतरंडीच्या ४६ पैकी १७ समाजांत होती; आणि ज्या २७ समाजांत उतरंड सर्वांत कडक होती त्यांपैकी १८ समाजांत होती. भाषांच्या वंशवृक्षाचा आधार घेऊन संशोधकांनी असाही निष्कर्ष काढला की नरबळीमुळे एकदा निर्माण झालेली उतरंड टिकून राहायला आणि पुढे अधिक कडक व्हायला मदत झाली. बळी देण्याचे प्रसंग होते सरदाराचे अंत्यसंस्कार, नवे घर, नवी होडी, निषिद्ध गोष्टींचे उल्लंघन. बळी देणारे बहुधा सरदार आणि पुरोहित, आणि बळी जाणारे बहुधा गुलाम किंवा तशाच खालच्या दर्जाचे लोक. अशा अभ्यासांत आधी काय आणि नंतर काय हे ठरवणे नेहमीच वादाचे असते, आणि समतेच्या जवळ असलेल्या पाच समाजांतही बळी होताच, हे मी विसरलेलो नाही. पण ज्यांना नरबळी म्हणजे केवळ धार्मिक भ्रम वाटतो त्यांनी या आकड्यांचे काय करायचे ते सांगावे. भ्रम उतरंडीच्या पायऱ्या पाहून वाढत नाही.

दुसऱ्या पक्षाचे म्हणणे मात्र इतक्या सहज बाजूला सारता येत नाही. फ्रेंच विचारवंत रने जिरार यांची मांडणी प्रसिद्ध आहे: माणसे एकमेकांचे पाहून त्याच त्या गोष्टींचा हव्यास धरतात, त्यातून वैर वाढते, आणि सगळ्यांचे वैर एका बळीवर ओतले की समाज काही काळ शांत होतो, विधी हा त्या पहिल्या शांततेची पुनरावृत्ती असतो. ही मांडणी तपासून पाहणे कठीण आहे. पण विधीतल्या वेदनेने माणसे जवळ येतात, एवढा भाग प्रत्यक्ष तपासला गेला आहे. मॉरिशसमध्ये थैपूसम या तमिळ हिंदूंच्या उत्सवात कावडी वाहणारे भक्त अंगात सुया आणि हुक टोचून घेतात, पाठीत अडकवलेल्या हुकांनी गाडे ओढतात. तिथे मानववंशशास्त्रज्ञ दिमित्रिस झिगालातास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत असे दिसले की नुसती सामूहिक प्रार्थना करून आलेल्यांपेक्षा या कठोर विधीतून आलेल्यांनी देवळासाठी कितीतरी जास्त दान दिले, आणि स्वतः काहीही न टोचता त्यांच्या सोबत चालणाऱ्यांनीही हात सैल सोडला. वेदना बांधते, हे खरे आहे. त्याचा इन्कार करून सुधारणेची बाजू मांडणे म्हणजे समोरच्याला आयता मुद्दा देणे.

पण इथे दोन गोष्टी पाहायच्या राहतात. कावडी वाहणारा स्वतःच्या अंगात सुया टोचून घेतो, नवस त्याचा स्वतःचा असतो, आणि यंदा नाही म्हणाला तर त्याच्या घराशी कुणी सोयरीक तोडत नाही, निदान सहसा नाही. मेरियाला हा पर्याय नव्हता. दुसरी गोष्ट अशी की या बांधण्याला कुंपण असते. स्पेनमधल्या सान पेद्रो मानरिके या गावी जूनमधल्या एका रात्री लोक निखाऱ्यांवरून चालतात, पुष्कळदा पाठीवर दुसऱ्या माणसाला घेऊन. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात चालणाऱ्यांच्या आणि बघ्यांच्या हृदयाच्या ठोक्यांची नोंद घेतली गेली. चालणाऱ्याचे ठोके आणि बघणाऱ्या नातलगांचे, स्नेह्यांचे ठोके एका लयीत आले होते. ज्यांचे तिथे कुणी नव्हते अशा परक्या बघ्यांच्या बाबतीत तसे घडले नाही. म्हणजे विधी सगळ्यांना बांधत नाही. आधी जे आपले होते त्यांना अधिक आपले करतो, आणि बाहेरच्याला बाहेरच ठेवतो.

बाहेर ठेवलेल्यांचे पुढे काय होते याचे सर्वांत मोठे उदाहरण तेनोच्तित्लानचे, म्हणजे आजच्या मेक्सिको शहराच्या जागी असलेल्या अॅझटेकांच्या राजधानीचे. १४८७ मध्ये अॅझटेक राजा आवित्सोत्ल याने मुख्य मंदिराच्या वाढवलेल्या वास्तूचे लोकार्पण केले. त्या वेळी युद्धकैद्यांचे किती बळी दिले याचे जुन्या बखरींतले आकडे विश्वास ठेवण्यासारखे नाहीत, पण त्या बखरींत एक तपशील असा आहे की शत्रुराज्यांच्या प्रमुखांनाही गुपचूप बोलावून हा सोहळा दाखवण्यात आला होता. आपल्या लोकांसमोर मान आणि शत्रूसमोर धाक, असा दुहेरी हेतू. त्लाश्काला हे शेजारचे राज्य अॅझटेकांनी पुरते जिंकून घेतले नव्हते. त्याच्याशी ठरवून लढाया होत आणि त्यांतून बळीसाठी कैदी मिळत. १५१९ मध्ये मूठभर स्पॅनिश सैनिक घेऊन कोर्तेस आला तेव्हा त्लाश्कालाचे लोक आधी त्याच्याशी लढले आणि मग त्याच्या बाजूला गेले. ऑगस्ट १५२१ मध्ये तेनोच्तित्लान पडले ते देवी रोगाच्या साथीने, पोलादाने आणि या हजारो स्थानिक मित्रसैनिकांनी. ज्या विधीने राजधानी एकसंध ठेवली होती त्याच विधीने तिच्या वेशीबाहेर वैरी जोपासून ठेवले होते.

'परंपरा' म्हटले की ती जुनी, धार्मिक आणि अडाणी लोकांची असावी, असे आपण नकळत धरून चालतो. १५ मे १९१६ रोजी अमेरिकेतल्या टेक्सास राज्यात वेको या शहरी काय घडले ते पाहावे. वेको हे महाविद्यालये आणि चर्च असलेले, सुशिक्षितांचे शहर. जेसी वॉशिंग्टन या सतरा वर्षांच्या कृष्णवर्णीय शेतमजुराला खुनाच्या खटल्यात ज्यूरीने काही मिनिटांत दोषी ठरवले आणि त्याच क्षणी जमावाने त्याला कोर्टातून ओढून नगरभवनाच्या आवारात नेऊन जाळले. बघायला दहा हजारांहून अधिक लोक जमले होते. व्यावसायिक छायाचित्रकाराने नगराध्यक्षांच्या कार्यालयाच्या खिडकीतून छायाचित्रे घेतली, त्यांची पोस्टकार्डे निघाली, आणि लोकांनी अवशेष आठवण म्हणून घरी नेले. छायाचित्रांत चेहरे झाकलेले नाहीत. लहान मुले आहेत, टोप्या घातलेली सभ्य माणसे आहेत. कायद्याने ज्याला फाशी होणारच होती त्याला जमावाने का मारावे? न्यायालयाच्या शिक्षेत एक गुन्हेगार मेला असता. जमावाच्या विधीत एका वर्णाची जागा साऱ्या शहराला दाखवली गेली. अवशेषांचे वाटप इथेही आहे, मेरियासारखेच. फक्त देवी नाही, मंत्र नाहीत आणि कुणाला दोषातून मुक्त करणारे ते वाक्यही नाही. बहुधा त्याची गरज वाटली नसावी. अमेरिकेत झुंडबळी हा स्वतंत्र संघीय गुन्हा ठरवणारा कायदा व्हायला २०२२ साल उजाडावे लागले.

आता एक घरची गोष्ट. महाविद्यालयाच्या पहिल्या वर्षी मी ज्या वसतिगृहात राहायला गेलो तिथे रात्री अकरा वाजता नव्या मुलांना एका खोलीत बोलावत. मध्ये एक लाकडी स्टूल असे. त्यावर उभे राहून वरच्या वर्गातल्या सगळ्यांची नावे, गावे आणि खोली क्रमांक क्रमाने म्हणायचे. नाव चुकले की ज्याचे नाव चुकले तो उठून थोबाडीत मारी. एकेचाळीस नावे होती. मला चार थोबाडीत बसल्या. पुढच्या वर्षी नावांची यादी माझ्या हातात होती. मी कुणाला मारले नाही, असे मी बरीच वर्षे सांगत आलो, आणि ते खरेही आहे. पण कोण चुकले हे यादीत पाहून सांगण्याचे काम मीच करत होतो, आणि ते काम मिळाल्याचा मला त्या रात्री अभिमान वाटला होता. पुष्कळ नंतर लक्षात आले की त्या खेळातली थोबाडीत दुय्यम होती. मुख्य गोष्ट होती ती यादी: कोण आधी, कोण नंतर, कुणाचे नाव विसरण्याची कुणाला मुभा नाही.

मार खाल्लेलाच पुढे प्रथेचा राखणदार का होतो, याचे एक उत्तर १९५९ च्या एका प्रयोगात आहे. एलियट अॅरन्सन आणि जडसन मिल्स या मानसशास्त्रज्ञांनी एका चर्चागटात प्रवेश देण्यापूर्वी काही विद्यार्थिनींना अतिशय संकोचाची, काहींना सौम्य परीक्षा द्यायला लावली आणि काहींना काहीच परीक्षा द्यायला लावली नाही. नंतर सगळ्यांना त्या गटाची मुद्दाम कंटाळवाणी केलेली चर्चा ऐकवली. जिने प्रवेशासाठी सर्वांत जास्त सोसले तिलाच ती चर्चा सर्वांत रंजक वाटली. सोसलेले वाया गेले असे मान्य करणे माणसाला जड जाते, म्हणून तो ज्यासाठी सोसले त्याची किंमत वाढवतो. 'आमच्या वेळी यापेक्षा कडक होते' हे वाक्य मला आता आठवणीपेक्षा पावतीसारखे ऐकू येते.

हाच पीळ चीनमधल्या पाय बांधण्याच्या प्रथेत शेकडो वर्षे टिकला. मुलगी पाच ते आठ वर्षांची झाली की अंगठा सोडून बाकीची चार बोटे तळव्याखाली दुमडून लांबलचक पट्टीने पाय आवळत, ठरावीक दिवसांनी पट्टी सोडून पुन्हा अधिक घट्ट बांधत, आणि मुलगी रडली तरी तिला चालवत. बांधणारी बहुधा आई किंवा आजी असे, जिचे स्वतःचे पाय बांधलेले असत. या आयांना मुलीवर माया नव्हती असे कुणी म्हणणार नाही. मोकळ्या पायाच्या मुलीला चांगले स्थळ मिळणार नाही ही त्यांची भीती खरी होती, कारण आजूबाजूच्या प्रत्येक घराला हीच भीती होती. एकट्या घराने थांबायचे ठरवले तर त्या घराची मुलगी मागे पडे, प्रथा तशीच पुढे जाई. मांचू राजवटीने सतराव्या शतकात या प्रथेला मनाई केली आणि थोड्याच वर्षांत ती मागे घेतली. अलीकडे ग्रामीण चीनमधल्या सुमारे १,८०० वृद्ध स्त्रियांच्या मुलाखती घेऊन लॉरेल बॉसेन आणि हिल गेट्स या अभ्यासिकांनी आणखी एक बाजू पुढे आणली: बांधलेल्या पायांची मुलगी एका जागी बसून सूत कातते, विणते, दोरे वळते, आणि घराला ते काम हवे असते. गिरणीचे कापड बाजारात आले आणि त्या बसून करायच्या कामाची किंमत गेली, तिथे पट्ट्याही सुटू लागल्या. सौंदर्याच्या गोष्टी पुष्कळ सांगितल्या गेल्या आहेत. सुताची गोष्ट कुणी फारशी सांगत नाही.

प्रथा मोडण्याची युक्तीही याच गाठीत सापडली. १८९५ मध्ये शांघायमध्ये स्थापन झालेल्या नैसर्गिक पायांच्या संघटनेसारख्या मंडळांनी सभासदांकडून दुहेरी शपथ घेतली: मुलीचे पाय बांधणार नाही, आणि मुलाचे लग्न बांधलेल्या पायांच्या मुलीशी करणार नाही. या शपथेचा दुसरा भाग महत्त्वाचा होता. त्यामुळे मोकळ्या पायांच्या मुलींसाठी एक वेगळा, लहान का होईना, लग्नाचा बाजार तयार झाला आणि थांबणाऱ्याचे नुकसान थांबले. उत्तर चीनमधल्या दिंगश्यान भागाच्या पाहणीत १८९० च्या आधी जन्मलेल्या जवळजवळ सगळ्या स्त्रियांचे पाय बांधलेले होते, आणि १९१९ नंतर नव्याने बांधल्याची नोंद मिळाली नाही. हजार वर्षांच्या आसपास चाललेली रीत तिथे एका पिढीत ओसरली.

युरोपातले द्वंद्व असेच गेले, आणि त्याच्या जाण्याला थोडी विनोदाची बाजू आहे. द्वंद्वाचा अर्थच असा की माझ्या बरोबरीच्या माणसाशीच मी लढू शकतो. नोकराने अपमान केला तर त्याला चाबूक, सरदाराने केला तर त्याला आव्हान. धर्मपीठाने निषेध केला, राजांनी वटहुकूम काढले, द्वंद्वे चालूच राहिली. इंग्लंडमध्ये एकोणिसाव्या शतकात कापडदुकानदारही एकमेकांना पिस्तूल रोखून आव्हान देऊ लागले तेव्हा कुलीनांना त्या मानात गोडी राहिली नाही. १८४४ मध्ये लष्करी नियम बदलले आणि झाल्या अपमानाबद्दल दिलगिरी व्यक्त करणे हे सद्गृहस्थाला शोभणारे ठरवले गेले. मानाचा पत्ता बदलला.

यावरून कायदा निरुपयोगी आहे असा अर्थ कुणी काढू नये. कायदा कशाला हात घालतो हा प्रश्न आहे. ४ डिसेंबर १८२९ च्या कायद्याने बंगाल इलाख्यात सती जाण्याला मदत करणे हा गुन्हा ठरला. तरी सप्टेंबर १९८७ मध्ये राजस्थानातल्या देवराळा गावी अठरा वर्षांची विधवा चितेवर जळाली, आणि त्यानंतरच्या चुनरी सोहळ्याला उच्च न्यायालयाची मनाई असतानाही प्रचंड गर्दी लोटली. त्या गर्दीने देशाला हे दाखवून दिले की चिता विझली तरी मान शिल्लक होता: त्या घराचा, त्या जातीचा, त्या गावाचा. म्हणूनच १९८७ च्या सती प्रतिबंधक कायद्यात एक नवी तरतूद आली. सतीचे उदात्तीकरण, म्हणजे मिरवणूक, समारंभ, निधी, मंदिर, हाही गुन्हा झाला आणि त्याला एक ते सात वर्षांची कैद आणि पाच ते तीस हजार रुपये दंड ठेवला गेला. अभिव्यक्तीच्या स्वातंत्र्याच्या बाजूने या कलमावर घेतले गेलेले आक्षेप मला पूर्णपणे खोडून काढता येत नाहीत. तरीही विधीतली हिंसा कशावर जगते याचे १८२९ च्या कायद्यापेक्षा नेमके निदान या कलमात आहे, असे माझे मत आहे.

बाहेरच्या सत्तेने सुधारणा केली की तिचा स्वतःचा एक विधी होतो, हेही नोंदवले पाहिजे. कंधांच्या मुलखात कंपनीचे सैन्य प्रथम शिरले ते मेरियांना सोडवायला नव्हे. घुमसरच्या राजघराण्याकडे थकलेल्या वसुलीवरून १८३५ मध्ये युद्ध सुरू झाले होते, आणि त्यात गावे जाळली गेली, कंधांच्या म्होरक्यांना फाशी दिले गेले. मेरियाची प्रथा सरकारच्या नजरेत आली ती या युद्धाच्या ओघात. पुढे १८४५ मध्ये खास मेरिया एजन्सी नेमली गेली, शेकडो माणसे सोडवली गेली, आणि माणसाच्या जागी रेडा आला. सोडवलेल्या माणसाचे जगणे ही निर्विवाद कमाई आहे. पण लोकांसमोर फासावर लटकवून नवा धनी कोण हे सांगणारे सरकार आणि वाटे पाडून जुना धनी कोण हे सांगणारे गाव, यांची भाषा फार वेगळी नव्हती. इंग्लंडमध्ये स्वतःच्या लोकांना जाहीर फाशी देणे १८६८ पर्यंत चालू होते.

आतून झालेल्या बदलाचे जे उदाहरण मला सर्वांत शिकवून गेले ते सेनेगलमधले आहे. जुलै १९९७ मध्ये मालिकुंदा बांबारा या गावच्या स्त्रियांनी, आरोग्य आणि हक्कांविषयीच्या दीर्घ शिक्षणवर्गानंतर, मुलींचा खतना यापुढे करणार नाही असे जाहीर केले. आसपासच्या गावांतून त्यांच्यावर टीका झाली. केर सिंबारा या दुसऱ्या गावचे ज्येष्ठ आणि इमाम देंबा दियावारा यांना या स्त्रियांच्या निर्णयातली एक अडचण दिसली: एका गावाने थांबून भागत नाही, कारण त्या गावच्या मुली ज्या गावांत दिल्या जातात तिथले लोक थांबलेले नाहीत. सोयरीक जिथवर पोचते तिथवर निर्णय पोचला पाहिजे. ते पायी निघाले, नात्यातल्या गावोगावी जाऊन बोलत राहिले, आणि फेब्रुवारी १९९८ मध्ये तेरा गावांच्या प्रतिनिधींनी दियाबुगू येथे एकत्र येऊन सामूहिक घोषणा केली. शांघायच्या शपथेतले गणित त्यांनी स्वतःच्या अनुभवावरून मांडले होते. खतना करणाऱ्या बायकांना दुसरा धंदा लावून देण्याचे प्रयत्न अनेक देशांत झाले आणि पुष्कळदा फसले, कारण मागणी तशीच राहिली की एकीने सोडलेले काम दुसरी उचलते.

जानेवारी १९९९ मध्ये सेनेगलच्या संसदेने बंदीचा कायदा केला. गावोगावच्या घोषणा त्यानंतरही होत राहिल्या आणि त्यांची संख्या हजारांत गेली. तरीही तिथल्या अलीकडच्या आरोग्य पाहण्यांत पंधरा ते एकोणपन्नास वयोगटातल्या साधारण पाचवा ते चौथा हिस्सा स्त्रियांचा खतना झालेला आढळतो, आणि हे प्रमाण देशभर सारखे नाही. काही जमातींत ते नगण्य आहे, तर पूर्व आणि दक्षिण भागांतल्या काही जमातींत बहुसंख्य स्त्रिया त्यात येतात. घोषणा केलेल्या काही घरांतही तो चोरून होतो, आणि पूर्वीपेक्षा लहान वयात, जेव्हा मुलीला बोलता येत नाही आणि शेजाऱ्यांना कळत नाही. म्हणजे सोहळा गेला, पाहुणे गेले, मिरवण्याचा मान गेला, आणि तरी मार उरला. माझ्या मांडणीत न बसणारी ही गोष्ट आहे. उघड मान नसतानाही जी हिंसा टिकते ती कशावर टिकते, सासरच्या एखाद्या म्हातारीने घरात न बोलता घेतलेल्या पारखीवर, की झालेच नाही तर काय होईल या जुन्या धास्तीवर, हे त्या घरांत जाऊन, तिथल्या भाषेत आणि तिथल्या बायकांना विचारूनच कळेल.